साउथ डाउन्स वे, मित्रांसोबत सायकलवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की हे प्रश्न सुरू होतात. विचारणारे बहुतेक लंडन, स्लाउ, रेडिंगकडचे मराठी मित्रमैत्रिणी असतात, आणि काही पुण्या-मुंबईहून उन्हाळ्यात इंग्लंडला येणारे. एकट्याने ही वाट झपाट्याने कापणाऱ्यांसाठी माहितीला तोटा नाही. इथली उत्तरं चार-सहा जणांच्या गटासाठी आहेत. अशा गटात सगळ्यांचा दम सारखा नसतो, आणि तरी शेवटपर्यंत एकत्र पोचायचं असतं.

१. साउथ डाउन्स वे म्हणजे नेमकं काय? किती लांब आहे?

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशर आणि ससेक्समधून खडूच्या डोंगरांची एक रांग पूर्वेकडे समुद्रापर्यंत जाते. तिच्या माथ्यावरून विंचेस्टर ते ईस्टबर्न अशी १६० किलोमीटरची, म्हणजे १०० मैलांची ही वाट आहे. १९७२ मध्ये ती नॅशनल ट्रेल म्हणून सुरू झाली. तेव्हा ती ईस्टबर्नपासून हॅम्पशरच्या हद्दीपर्यंतच होती, पुढे विंचेस्टरपर्यंत वाढवली. इंग्लंडमधल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या वाटा फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहेत. ही मात्र घोडा आणि सायकल दोन्हींना या टोकापासून त्या टोकापर्यंत खुली आहे. डांबरी रस्ता फार थोडा लागतो. बाकी सगळं गवत, खडू, दगड आणि शेताच्या कडेची चाकोरी.

२. आमच्यातले दोघं रोज सायकल चालवतात, बाकीचे फक्त शनिवार-रविवार. जमेल का?

तयारीला तीन महिने दिलेत तर जमेल. पण आकड्यांनी फसू नका. सर्वांत उंच जागा बट्सर हिल, तीही फक्त २७० मीटर. हे ऐकून पुण्याची मंडळी निर्धास्त होतात. सिंहगडाचा घाट चढणाऱ्याला इथला कुठलाही एक चढ जड नाही. जड जातो तो दुपारी चार वाजता समोर उभा राहणारा, त्या दिवसातला सहावा-सातवा चढ. मीऑन, आरन, ॲडर, ऊझ आणि ककमीर या नद्यांनी ही रांग ठिकठिकाणी कापली आहे. त्यामुळे माथ्यावर कमावलेली उंची प्रत्येक नदीपाशी सोडून द्यायची आणि पलीकडे पुन्हा कमवायची. पूर्ण वाटेवर एकूण चढ ४,००० मीटरच्या आसपास भरतो.

तयारीत एकच लांब राइड मारण्यापेक्षा शनिवारी आणि रविवारी लागोपाठ चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी खोगिरावर बसताना अंग काय म्हणतं ते आधीच कळलेलं बरं. आणि डांबरावर सराव करून इथे येऊ नका. पुण्यातले असाल तर वेताळ टेकडीच्या मातीवर, लंडनचे असाल तर सरी हिल्समध्ये चालवा. दगडांवर हात आणि खांदे किती दुखतात ते तिथेच कळतं.

३. किती दिवस ठेवावेत, आणि मुक्काम कुठे करावा?

गटासाठी माझं उत्तर ठाम आहे: तीन दिवस. पहिला मुक्काम कॉकिंगच्या आसपास, दुसरा ट्रूली हिलवर, तिसऱ्या दिवशी ईस्टबर्न. रोज साधारण ४५ ते ६० किलोमीटर पडतात. ट्रूली हिलचं वायएचए (युथ हॉस्टेल असोसिएशन) हॉस्टेल वाटेवरच आहे, त्यामुळे संध्याकाळी खाली गावात उतरून सकाळी पुन्हा चढायची वेळ येत नाही. साउथीझजवळ इटफर्ड फार्मलाही वायएचए आहे. चार दिवसांचा बेत असेल तर ते सोयीचं पडतं.

दोन दिवसांत करायची असेल तर ॲम्बर्लीला मुक्काम करा. ते जवळजवळ बरोबर मध्यावर आहे. पण मग रोजचे ८० किलोमीटर होतात, आणि गटातल्या सर्वांत हळू माणसाला दोन्ही दिवस फक्त पुढच्याचं मागचं चाक दिसतं. वाटेवरच्या चँक्टनबरी रिंगच्या झाडांखाली अर्धा तास बसायला वेळ उरत नसेल तर मला तो बेत मान्य नाही.

शनिवारची खोली उन्हाळ्यात लवकर भरते. काही ठिकाणी शनिवारी एकाच रात्रीचं बुकिंग घेतही नाहीत. शुक्रवार ते रविवारऐवजी रविवार ते मंगळवार गेलात तर खोली मिळते आणि वाटेवर गर्दीही कमी असते. बुकिंग करताना सायकली रात्री कुलपात ठेवायला जागा आहे का, हे विचारून घ्या.

४. विंचेस्टरहून निघावं की ईस्टबर्नहून?

विंचेस्टरहून. इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे पूर्वेकडे जाताना तो पाठीशी राहतो. माथ्यावर आडोसा नाही. समोरचा वारा असेल तर गटातली दोन माणसं निम्म्या वाटेतच गळतात.

निघण्याआधी दोन दिवस हवामानाचा अंदाज मात्र पाहा. वसंतात कधीकधी पूर्वेचा वारा आठवडाभर टिकतो. मुक्काम बदलता येणार असतील तर दिशा बदलायला लाजू नका.

५. कोणता महिना चांगला?

मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कधीही. जूनमध्ये नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, आणि गटाला त्याचा फार आधार वाटतो. पंक्चर झालं, कुणी थकलं, तरी अंधाराची धास्ती नाही.

महिन्यापेक्षा आधीच्या आठवड्यातला पाऊस महत्त्वाचा. ओला खडू साबणासारखा निसरडा होतो. वरून कोरडा दिसणारा पांढरा उतारही झाडाखाली ओला असू शकतो, आणि तिथे पुढचा ब्रेक दाबला की चाक सटकतं. त्याहून वाईट म्हणजे खडूचा चिखल. तो दाट कणकेसारखा टायरला चिकटतो आणि फ्रेम व चाकामधली फट भरून टाकतो. वाळला की सिमेंट. अशा दिवशी प्रत्येक मुक्कामावर बादलीभर पाणी मागून चेन आणि ब्रेक धुवून काढा, चेनला तेल द्या, आणि ब्रेक पॅडचा एक जोड जवळ ठेवा. ओला खडू एका दिवसात पॅड खाऊ शकतो.

६. कोणती सायकल लागेल? हायब्रिड किंवा ई-बाइक चालेल का?

पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल माउंटन बाइक गटासाठी उत्तम. मागेपुढे सस्पेन्शन असलेली महागडी सायकल असण्याची गरज नाही. ४० ते ४५ मिलिमीटर टायरची ग्रॅव्हल बाइक कोरड्या दिवसांत छान पळते, पण उतारावर हातांना हादरे बसतात आणि नवखा माणूस घाबरतो. बारीक टायरच्या हायब्रिडवर जाऊ नका. रोड बाइकचा तर विचारही नको. टायरपेक्षाही गिअरकडे आधी बघा. सर्वांत हलका गिअर खरोखर हलका हवा, नाहीतर प्रत्येक चढावर उतरावं लागेल.

ई-बाइकला परवानगी आहे, पण ती कायद्याच्या व्याख्येत बसायला हवी: मोटर २५० वॅटची, पायडल मारलं तरच मदत करणारी, आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर मदत थांबवणारी. नुसत्या थ्रॉटलवर पळणारी सायकल इथे मोटरसायकल ठरते आणि ब्रायडलवेवर, म्हणजे घोडे आणि सायकलींना खुल्या असलेल्या वाटेवर, चालत नाही. बॅटरी एका दिवसाच्या चढांना पुरेल का, हे घराजवळ सामान लादून तपासा. संपली तर वीस-पंचवीस किलोची सायकल चढावर ढकलायची आहे, आणि ती ढकलायला मित्रच लागणार आहेत.

७. पंक्चर फार होतात असं ऐकलंय. काय न्यावं?

ऐकलंय ते खरं आहे. खडूच्या थरांत चकमकीचे दगड असतात. फुटले की त्यांना काचेसारखी धार येते. काट्याने होतं तसं बारीक भोक न पडता टायरच्या बाजूला सरळ चीर जाते. म्हणून ट्यूबलेस टायर आणि आत ताजं सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) हा पहिला उपाय. गेल्या वर्षी भरलेलं सीलंट आत वाळून गेलेलं असतं, निघायच्या आधी नवं भरा.

सीलंटने न भरणारी चीर असेल तर रबरी प्लग घाला. प्लगही बसत नसेल तर टायर सोडवून आत ट्यूब टाका. पण चिरेतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते. ती थांबवायला टायरच्या आतून, चिरेच्या मागे काहीतरी चिवट लावावं लागतं. टायर बूट असेल तर ठीक, नसेल तर पाच पाउंडांची नोट. इथल्या नोटा आता पॉलिमरच्या आहेत, फाटत नाहीत. चौपट घडी करून चिरेवर बसवायची, वर ट्यूब, मग हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. इतक्याने मुक्काम गाठता येतो.

प्रत्येकाने स्वतःच्या मापाची एक ट्यूब आणि स्वतःच्या सायकलचा डिरेलर हँगर (मागची गिअर-यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) जवळ ठेवायचा, कारण हे सुटे भाग एकाचे दुसऱ्याला बसतीलच असं नाही. पंप, चेन तोडायचं हत्यार, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), प्लग, ॲलन की, टेप हे गटात मिळून एक-एक पुरे. ते कुणाकडे ठेवायचं, याचं उत्तर प्रश्न ९ मध्ये आहे.

८. पाणी आणि जेवणाचं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

शाकाहाराची काळजी करू नका. इथल्या पबमध्ये शाकाहारी पदार्थ असतोच. अडचण वेळेची आहे. अनेक पबचं स्वयंपाकघर दुपारचं जेवण संपलं की बंद होतं ते संध्याकाळीच उघडतं. साडेतीनला भुकेले सहा जण पोचले तर वेफर्सच्या पाकिटांवर भागवावं लागतं. शिवाय गावं सगळी खाली आणि तुम्ही माथ्यावर. जेवायला खाली उतरणं म्हणजे तेवढंच पुन्हा चढणं.

म्हणून दिवसभराचं खाणं पाठीवर असू द्या. आमच्याकडे ठरलेलं असतं: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. दर पाऊण तासाला दोन घास. गोड एनर्जी जेल दुपारनंतर नकोशी होतात, तिखटमिठाची पुरी कधीच होत नाही, आणि घामातून गेलेलं मीठही तिच्यातून परत मिळतं. एका बाटलीत लिंबू-साखर-मीठ, दुसरीत साधं पाणी.

पाणी माथ्यावर मिळत नाही. वाटेवर काही सार्वजनिक नळ आहेत, उदाहरणार्थ कॉकिंगच्या चढाजवळ, ॲडर नदीपाशी बोटॉल्फ्सला, सॅडल्सकोम्बला. नॅशनल ट्रेलच्या अधिकृत नकाशावर ते दाखवलेले असतात, निघण्याआधी चालू-बंद तपासा. उन्हाच्या दिवशी माणशी तीन लिटर पाणी घेऊन निघा. पहिल्या दिवशी क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्कमध्ये कॅफे आणि स्वच्छतागृह दोन्ही आहेत. बट्सर हिलच्या लांब गवताळ उतारानंतर थांबायला ती चांगली जागा.

९. सगळ्यांचा वेग वेगळा आहे. एकत्र कसं राहायचं?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. सायकल आणि टायरपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. गट मोडतो तो थकव्याने कमी आणि न ठरवल्यामुळे जास्त. निघायच्या आदल्या रात्री, सगळे समोर असताना, पुढच्या गोष्टी मोठ्याने बोलून ठरवा.

चढावर प्रत्येकाने आपल्या वेगाने जायचं. हळू माणसासोबत मुद्दाम रेंगाळलं की त्याला अपराधी वाटतं आणि तो झेपत नसताना जोर लावतो. पण प्रत्येक फाटकापाशी आणि प्रत्येक फाट्यापाशी पुढच्याने थांबायचंच. इथे फाटकं इतकी आहेत की गट आपोआप जुळत राहतो.

विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजायची. हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. नाहीतर होतं असं: पुढचे दहा मिनिटं बसतात, शेवटचा धापा टाकत येतो, आणि "चला, आले सगळे" म्हणत पुढचे उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असते त्याला दिवसभर ती मिळतच नाही. संध्याकाळी त्याच्याच पोटऱ्यांत गोळे येतात.

सर्वांत मागे एक अनुभवी माणूस ठेवा. हत्यारं, पंप, प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडेच. कुठे बिघाड झाला तर मदत मागच्या बाजूने आपोआप येऊन पोचते. पुढे गेलेल्याला फोन करून चढ उलटा उतरायला लावावं लागत नाही, आणि फोनला रेंज असेलच असंही नाही. ही जबाबदारी रोज बदला, नाहीतर एकाच मित्राची सहल त्यातच जाते.

"ठीक आहेस ना?" असं विचारू नका. आपल्याकडे सगळे "हो" म्हणतात. ज्याची काळजी वाटते त्याची बाटली बघा. दोन तासांत पाणी अर्ध्याखाली गेलं नसेल तर तो पीत नाहीये, आणि थोड्या वेळात चिडचिड सुरू होईल. बाटली हातात द्या, पिऊन होईपर्यंत थांबा.

आणि एक वेळ ठरवा. पाच वाजता अमुक ठिकाणी पोचलो नसलो तर उरलेलं अंतर खालच्या रस्त्याने किंवा ट्रेनने. हे सकाळी ठरलेलं असलं की संध्याकाळी वाद होत नाही. ट्रेन कुठे मिळते ते प्रश्न १३ मध्ये.

१०. रस्ता चुकतो का? जीपीएस लागेलच का?

वाट चांगली दाखवलेली आहे. ओकच्या बोंडाचं चिन्ह म्हणजे नॅशनल ट्रेल. निळा बाण ब्रायडलवेचा, तिथे सायकल चालते. पिवळा बाण फक्त पायी चालणाऱ्यांचा. बोंड दिसलं तरी बाणाचा रंग बघा, विशेषतः शेवटच्या टप्प्यात (प्रश्न १६). फोनमध्ये नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, आणि तो किमान दोघांकडे असू द्या. चुकायच्या जागा म्हणजे वेगाचे उतार. मजेत खाली सुटलं की मधला फाटा नजरेआड होतो.

११. फाटकं, गायी आणि घोडेस्वार भेटले तर काय करायचं?

फाटक जसं होतं तसं ठेवायचं. बंद असेल तर शेवटच्याने बंद करून, कडी बसलीय का ते हलवून बघायचं. सहा जणांत प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने लावलं असेल. म्हणून पहिला उघडून धरतो, शेवटचा लावतो, असं ठरवून टाका.

ब्रायडलवेवर सायकल चालवायचा हक्क १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने दिला, आणि त्याच कायद्याने पायी चालणारे व घोडेस्वार यांना आधी वाट देणं बंधनकारक केलं. घोडा दिसला की लांबूनच वेग कमी करा आणि बोला. "हॅलो" पुरतं. माणसाचा आवाज आला की घोडा बुजत नाही. मागून गुपचूप आलेली सायकल त्याला घाबरवते.

गायींच्या कळपातून सायकलवरून उतरून, लांबून वळसा घालून जा. वासरं बरोबर असतील तर गाय आणि वासराच्या मधून कधीच जाऊ नका.

१२. हॉटेल महाग आहे. माथ्यावरच तंबू ठोकला तर?

जमीनमालकाच्या परवानगीशिवाय नाही. माथा मोकळा दिसला तरी ती कुणाची तरी शेती किंवा कुरण असतं. वाटेजवळ कॅम्पसाइट आहेत, त्या वापरा. तंबूचं वजन मात्र प्रत्येक चढावर जाणवतं. पहिल्यांदा जाणाऱ्या गटाला मी हॉस्टेलच सुचवेन. गवतात बसून झाल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघायला विसरू नका. ती चिकटलेली आढळली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. नंतरच्या आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरांकडे जा. तो लाइम आजार असू शकतो.

१३. मध्येच कुणाला सोडावं लागलं तर?

ही वाट याबाबतीत मायाळू आहे. ॲम्बर्ली आणि साउथीझ ही स्टेशनं वाटेला लागूनच आहेत. पीटर्सफील्ड, हॅसॉक्स आणि लुइस खाली उतरून थोड्या अंतरावर. हळू किंवा थकलेल्या मित्राने एक टप्पा ट्रेनने काढून मुक्कामावर भेटणं यात काही कमीपणा नाही. दुसऱ्या सकाळी तो ताजातवाना असतो.

दोन अडचणी: आठवड्याच्या दिवशी गर्दीच्या वेळी लंडनच्या गाड्यांत न दुमडणारी सायकल चालत नाही. शनिवार-रविवारी कधीकधी रुळांच्या कामासाठी ट्रेनऐवजी बस लागते, आणि त्या बसमध्ये सायकल सहसा घेत नाहीत. दोन्ही टोकांच्या प्रवासाचं वेळापत्रक आधी तपासा.

जखम गंभीर असेल तर ९९९ किंवा ११२. बोलण्याइतकी रेंज नसली तरी कधीकधी मेसेज जातो. ९९९ ला 'रजिस्टर' हा इंग्रजी शब्द आधीच मेसेज करून नोंदणी केली की पुढे आपत्तीत मेसेजने मदत मागता येते. घरी बसून करा, दोन मिनिटांचं काम.

१४. भारतातून येतोय. सायकल आणावी का? विम्याचं काय?

पंधरवड्यात एकदाच चालवणार असाल तर इथे भाड्याने घ्या. टायर ट्यूबलेस आहेत का, हे बुकिंगआधीच विचारा. स्वतःची आणलीत तर खोके ठेवायची सोय लागेल, कारण वाट एका गावात सुरू होते आणि दुसऱ्यात संपते.

प्रवास विमा घेताना 'माउंटन बायकिंग' शब्दशः समाविष्ट आहे का ते पाहा. साध्या पॉलिसीत बहुधा नसतं. सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातले उपचार पाहुण्यांनाही मोफत असतात, पण दाखल करावं लागलं की बिल सुरू होतं.

१५. भारतीय सैनिकांचं स्मारक वाटेत आहे म्हणतात, ते कुठे?

ते म्हणजे पॅचमजवळची छत्री. पायकूमच्या पुढे, क्लेटनच्या जॅक आणि जिल या पवनचक्क्यांच्या आसपास मुख्य वाट सोडून दक्षिणेला दोनेक किलोमीटर उतरावं लागतं. वाट ब्रायडलवे आहे, सायकल नेता येते, मोटार नाही.

पहिल्या महायुद्धात जखमी भारतीय सैनिकांसाठी ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये रुग्णालय होतं. ब्रायटनच्या रुग्णालयांत वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांपैकी ५३ जणांवर याच टेकडीवर अग्निसंस्कार झाले. त्या जागी १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पांढऱ्या संगमरवराच्या या छत्रीचं अनावरण झालं. तिचा आराखडा मुंबईचे वास्तुरचनाकार ई. सी. हेन्रिक्स यांचा. शेजारच्या भिंतीवर त्या सैनिकांची नावं कोरली आहेत. परतीचा चढ धरून तासभर जादा ठेवा. मराठी गटाने ही जागा चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

१६. शेवटी सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांवरून सायकल नेता येईल का?

नाही. आल्फ्रिस्टनला वाट दुभागते. कड्यांवरून बर्लिंग गॅप आणि बीची हेडकडे जाणारी शाखा फक्त पायी चालणाऱ्यांची आहे. सायकलची वाट विंडोव्हर हिलवरून जेविंग्टनला उतरते आणि मग शेवटचा चढ चढून ईस्टबर्नला जाते. विंडोव्हरच्या उतरणीवर सुमारे ७० मीटर उंचीची लाँग मॅन नावाच्या माणसाची आकृती कोरलेली आहे, पण ती वाटेवरून नीट दिसत नाही. बघायची तर खाली विल्मिंग्टनकडून.

कडे बघायचेच असतील तर ईस्टबर्नला एक रात्र जास्त राहा, आणि दुसऱ्या दिवशी सायकली कुलपात ठेवून बसने बर्लिंग गॅपला जा. कड्याच्या काठापासून बरंच आत उभे राहा, खडू सतत ढासळत असतो. फोटोसाठी सहा जणांनी काठावर रांग लावू नका.

१७. एका दिवसात पूर्ण करता येते का?

येते. जाऊन-येऊन २०० मैल चोवीस तासांच्या आत करणारेही आहेत. 'साउथ डाउन्स डबल' म्हणतात त्याला. तुमच्या गटातल्या दोघांना एका दिवसाची हौस असेल तर त्यांनी जूनमध्ये पहाटे उजाडताना वेगळं निघावं, आणि तीन दिवसांच्या गटासोबत त्यांची मोट बांधू नये. तीच वाट असली तरी खाणं, सामान, थांबे सगळंच वेगळं लागतं. दोन्ही गट ईस्टबर्नला एकाच संध्याकाळी पोचतील असं आखता येतं. जेवणाचं टेबल तेवढं आधी सांगून ठेवा.